ब्रेनर खिंड, तीन वेळा

म्युनिकहून व्हेनिसला जायचे तर आल्प्स कुठेतरी ओलांडावाच लागतो, आणि तो ओलांडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरची ब्रेनर खिंड. तिची उंची सुमारे १,३७० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढी. आल्प्सच्या मुख्य रांगेतल्या इतर खिंडींच्या मानाने ही उंची फारच कमी असल्यामुळे रोमन काळापासून व्यापारी, सैन्ये आणि यात्रेकरू याच वाटेने ये-जा करत आले. आमची लेक म्युनिकला नोकरीला लागली, तेव्हापासून मीही ही खिंड तीन वेळा ओलांडली. २०१८ साली भाड्याच्या मोटारीने, २०२३ साली रेल्वेने आणि २०२५ साली दोन्हींच्या मिश्रणाने. त्यामुळे युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाताना रेल्वे बरी की गाडी, असे पुण्यातल्या ओळखीच्या माणसांनी विचारले की मी उत्तर द्यायला उत्सुक असते, आणि माझे उत्तर ऐकून ती माणसे थोडी निराश होतात, कारण त्यांना युरो आणि तास यांच्या भाषेत उत्तर हवे असते.

युरो आणि तासांचा हिशेब पहिल्या वेळी आम्हीही केला होता. नवरा, मी, सासूबाई आणि लेक अशी चार माणसे, चार मोठ्या बॅगा आणि खाण्याच्या सामानाची पाचवी पिशवी. चार तिकिटांची बेरीज एका बाजूला आणि गाडीचे भाडे, इंधन, टोल यांची बेरीज दुसऱ्या बाजूला मांडली, तर कागदावर गाडी स्वस्त पडत होती. शिवाय गाडी म्हणजे स्वातंत्र्य, वाटेल तिथे थांबता येते, असे सगळेच सांगत होते. नवऱ्याने आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तो एक वर्षच चालतो आणि मूळ परवान्याशिवाय त्याला अर्थ नसतो, हे तिथल्या खिडकीवरच कळले. गाडी घेताना आणखी काही गोष्टी कळल्या. गिअरची गाडी तिकडे सर्रास मिळते आणि ऑटोमॅटिकसाठी जास्त पैसे मोजावे लागतात; अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे लागते, बायकोचे चालत नाही; कोणकोणत्या देशांत गाडी नेणार हे आधी सांगावे लागते; आणि एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची असेल, तर त्यासाठी वेगळी रक्कम पडते, जी आमच्या बाबतीत आठवड्याच्या भाड्याहूनही अधिक निघाली. म्हणून गाडी म्युनिकलाच परत करायची असे ठरले. या एका निर्णयाने आमचे अर्धे स्वातंत्र्य संपले होते, पण ते तेव्हा ध्यानात आले नाही.

मी गाडी चालवत नाही. तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला असते, त्यामुळे वाट दाखवणारी म्हणून मी पुढच्या उजव्या आसनावर बसले, म्हणजे आपल्याकडे जिथे चालक बसतो तिथे. पंचावन्न वर्षे ज्या जागी कोणाच्या तरी हातात स्टिअरिंग पाहिले, त्या जागी आपण बसलो आहोत, समोर काहीच नाही आणि रस्ता मात्र ताशी १३० किलोमीटरने अंगावर येतो आहे, ही अवस्था सांगून समजणार नाही. पहिले दोन तास मी उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. संध्याकाळी माझी पोटरी दुखत होती आणि नवऱ्याची मान.

त्या एका दिवसात आम्ही तीन देशांच्या महामार्गांवरून गेलो, आणि त्या तिन्ही देशांचे नियम आमच्या मांडीवर येऊन बसले. जर्मनीत मोटारींना टोल नाही आणि महामार्गाच्या बऱ्याच भागावर वेगाला कायद्याची मर्यादा नाही, १३० हा केवळ सल्ला आहे. ऑस्ट्रियात शिरण्याआधी शेवटच्या पेट्रोल पंपावर दहा दिवसांचा व्हिन्येट घ्यायचा, म्हणजे महामार्ग वापरण्याचे शुल्क भरल्याची चिकटपट्टी, आणि ती काचेच्या आतल्या बाजूला नेमकी चिकटवायची. तिथे कमाल वेग १३०, पण इन नदीच्या खोऱ्यात हवेचे प्रदूषण रोखण्यासाठी १००. इन्सब्रुकच्या पुढे ब्रेनर महामार्ग लागतो, त्याचा टोल वेगळा, व्हिन्येट असला तरीही. खिंड ओलांडली की इटली, आणि तिथे आपल्या जुन्या द्रुतगती मार्गासारखा प्रकार: चढताना यंत्रातून कागदी चिठ्ठी घ्यायची, उतरताना जितके अंतर तितके पैसे. पंपावर डिझेलला ‘गासोलिओ’ म्हणतात, आणि माणूस येऊन भरून देतो त्या पंपाचा दर स्वतः भरण्याच्या पंपापेक्षा जास्त असतो. यातला एकही नियम कठीण नाही. पण प्रत्येक नियम कोणीतरी लक्षात ठेवायचा असतो, आणि ते कोणीतरी म्हणजे गाडीत बसलेल्या चौघांपैकी एकजण असतो.

ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या कुफस्टाइन गावाच्या अलीकडे वाहतूक थांबली, तेव्हा तर आम्ही फारच गोंधळलो. पुढच्या सगळ्या मोटारी अचानक दोन्ही कडांना सरकू लागल्या, डाव्या मार्गिकेतल्या डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे, आणि मधोमध एक रिकामी वाट उघडली. ती रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी असते, आणि वाहतूक रेंगाळू लागताच, अपघात झालेला असो वा नसो, ती सोडणे जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे कायद्याने बंधनकारक आहे. खंडाळ्याच्या घाटात अडकल्यावर मधली मोकळी जागा दिसली की आपण जे करतो, त्याच्या बरोबर उलटे. नवऱ्याने सवयीने पुढे घेतलेली गाडी लेकीने ओरडून कडेला घ्यायला लावली. मागच्या आसनावरून सासूबाईंनी शांतपणे विचारले, “आलं का गं ऑस्ट्रिया?” मी म्हटले, “आता येईल, आई.” पुढे तासाभराने त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा ऑस्ट्रिया येऊन बराच वेळ झाला होता. “मग कोणी काही विचारलं कसं नाही?” त्यांनी तीन महिने व्हिसाच्या कागदांची काळजी केली होती; युरोपातल्या देशांमधली सीमेवरची तपासणी उठवणाऱ्या शेंगेन करारावर १९८५ साली सह्या झाल्या आणि या वाटेवरची तपासणी १९९८ साली थांबली, हे त्यांचे समाधान करणारे उत्तर नव्हते.

इन्सब्रुक सोडल्यावर लगेच युरोपाब्रुके लागतो. १९६३ साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल दरीच्या तळापासून सुमारे १९० मीटर उंच आहे, आणि युरोपातल्या सर्वांत उंच पुलांत अनेक वर्षे त्याचे नाव घेतले जात असे. आम्ही तिघी त्यावरून खाली पाहत होतो. नवरा पुढच्या ट्रककडे पाहत होता. त्याला आम्ही “बघ, बघ” म्हणालो, आणि पुढच्याच क्षणी तिघींनी मिळून “बघू नकोस” असेही म्हणालो. संध्याकाळी त्याला विचारले की आज काय पाहिले, तर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “ट्रक.” ब्रेनर ही युरोपच्या मालवाहतुकीची मोठी धमनी आहे, त्यामुळे त्याचे उत्तर चुकीचेही म्हणता येणार नाही.

मोटारीच्या प्रवासाबद्दल कोणी हिशेब मांडतो, तेव्हा हा खर्च त्यात धरत नाही. चार माणसे प्रवासाला निघतात आणि तीनच प्रवास करतात. चौथा माणूस नोकरी करत असतो, आणि तीही अनोळखी देशात, उलट्या बाजूने, वाचता न येणाऱ्या पाट्यांखालून. आमच्याकडे हे काम बहुधा घरातला पुरुष आपण होऊन अंगावर घेतो, आणि बाकीच्यांनी त्याचे आभार मानण्याऐवजी त्याला वळणे चुकल्याबद्दल बोलणी खावी लागतात. नवऱ्याने दोन वर्षे या सुट्टीची वाट पाहिली होती.

व्हेनिसला पोहोचल्यावर तर गंमतच झाली. मोटारीचा रस्ता पियात्साले रोमाच्या चौकात संपतो. त्यापुढे शहरात चाकावरचे काहीही चालत नाही. म्हणजे साडेपाचशे किलोमीटर ज्या वस्तूच्या भरवशावर आलो, ती वस्तू आता बहुमजली वाहनतळात ठेवून दोन दिवस तिचे भाडे भरायचे, आणि एकीकडे ती न वापरल्याचेही भाडे भरायचे. पांढरा हत्ती म्हणतात तो हाच. बॅगा ओढत आम्ही पुलाच्या पायऱ्या चढलो आणि उतरलो. समोरच रेल्वे स्थानक होते. सांता लुचिया स्थानकाच्या दारातून बाहेर पडले की रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांखाली थेट मोठा कालवा. आगगाडीतून उतरलेली माणसे बॅगा घेऊन बोटीच्या धक्क्यावर चालत जात होती. सासूबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या, पण काही बोलल्या नाहीत. न बोलता टोमणा मारण्याची त्यांची हातोटी जुनी आहे.

शेवटचा घाव पुण्यात परत आल्यावर चार महिन्यांनी बसला. वाटेतल्या एका जुन्या शहरात आम्ही जेवायला थांबलो होतो आणि वाहनतळ शोधताना कुठल्याशा दगडी कमानीतून आत गेलो होतो. इटलीतल्या अनेक जुन्या शहरांच्या गाभ्यात ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. तिथे फक्त रहिवाशांच्या आणि परवाना असलेल्यांच्याच गाड्यांना प्रवेश असतो, आणि कमानीवरचा कॅमेरा प्रत्येक गाडीचा क्रमांक टिपतो. कोणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. आम्ही रस्ता चुकलो म्हणून त्याच कमानीतून दोनदा गेलो, म्हणून दंडही दोन आले, आणि आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाल्या कंपनीने आपले शुल्क प्रत्येक दंडामागे वेगळे कापले. कागदावर स्वस्त पडलेली गाडी तोपर्यंत महाग झाली होती. मला पैशांपेक्षा त्या चार महिन्यांचे जास्त वाटले. ज्या दुपारची आठवण आम्ही घरी सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो, त्या दुपारीच आमचा गुन्हा नोंदवला गेला होता.

दुसऱ्या वेळी, २०२३ साली, रेल्वेने जायचे हा निर्णय कोणी बोलून घेतला नाही, तो झालेलाच होता. म्युनिकहून व्हेरोनामार्गे व्हेनिसला थेट जाणारी गाडी असते आणि ती सहा-सात तास घेते, म्हणजे मोटारीपेक्षा थोडाच अधिक वेळ. तिकिटे आधी काढली तर बरीच स्वस्त मिळतात आणि आयत्या वेळी काढली तर डोळे पांढरे होतात, त्यामुळे तीन महिने आधी लेकीने ती काढून ठेवली, समोरासमोरच्या चार आसनांसह. मध्ये टेबल होते. त्या टेबलावर दशम्या, तिळाची चटणी आणि सोललेली काकडी मांडली गेली. लसणाची चटणी मी मुद्दाम आणली नव्हती. आपल्याला जो सुगंध वाटतो तो सहा तास बंद डब्यात परक्या माणसांवर लादू नये, इतपत विवेक मला आहे. नवरा खिडकीशी बसला आणि इन नदी दिसू लागेपर्यंत झोपी गेला. मी त्याला उठवले नाही. झोपण्याचीही सुट्टी असतेच.

ब्रेनरचा लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला. आपल्या भोर घाटातला मार्ग त्याच्या चार वर्षे आधीचा, १८६३ चा, हे मला कुठेतरी उगाच सुखावून गेले. आल्प्सची मुख्य रांग ओलांडणारे इतर मोठे लोहमार्ग माथ्याखालून लांब बोगद्यातून जातात. ब्रेनरची गाडी मात्र दरीच्या कडेकडेने चढत जाऊन उघड्यावरच खिंड पार करते. आता त्या खिंडीखालून नवा बोगदा खणला जात आहे, इन्सब्रुकच्या जोडमार्गासह ६४ किलोमीटर लांबीचा, आणि तो पूर्ण झाल्यावर प्रवास बराच लवकर होईल. तेव्हा बोगद्यातून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून ही चढण दिसणार नाही. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी त्याआधी जाऊन यावे, असे मी सुचवेन.

गाडी ब्रेनर स्थानकात थांबली आणि बराच वेळ थांबूनच राहिली. सीमा पुसल्या गेल्या असे आपण म्हणतो, पण रुळांवरच्या तारांत त्या अजून शाबूत आहेत. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या रेल्वेला १५,००० व्होल्टचा, १६.७ हर्ट्झचा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह लागतो. इटलीच्या या मार्गावर ३,००० व्होल्टचा एकदिश प्रवाह आहे. त्यामुळे इथे एकतर इंजिन बदलावे लागते किंवा दोन्ही प्रवाहांवर चालणारे इंजिन असावे लागते. मुंबईकडे जाताना एकेकाळी इगतपुरीला हेच होत असे. विजेचा प्रवाह बदलायचा म्हणून इंजिन बदलायचे, आणि तेवढ्या वेळात फलाटावर उतरून बटाटेवडा खायचा. सासूबाईंना मी हे सांगितल्यावर त्यांनी लगेच फलाटाकडे नजर टाकली, पण वडा दिसला नाही. मला मात्र तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट लख्ख दिसली. रेल्वेच्या प्रवासातही प्रत्येक सीमेवर नियम बदलतात, व्होल्ट बदलतात, सिग्नल बदलतात, चालकाची भाषा बदलते. फरक इतकाच की ते ज्यांचे काम आहे ते लोक ते करतात, आणि आपण काकडी खातो.

खिंडीच्या दक्षिणेला इटली लागली, पण इटालियन भाषा लागली नाही, किंवा एकटी लागली नाही. स्थानकांच्या पाट्यांवर दोन-दोन नावे होती: स्टेर्झिंग आणि व्हिपिटेनो, ब्रिक्सन आणि ब्रेसानोने, बोत्सन आणि बोल्झानो. हा दक्षिण टिरोलचा प्रदेश. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहाने तो ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, आणि तिथल्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा आजही जर्मन आहे. म्हणजे नकाशावरची रेघ ब्रेनरवर आहे आणि बोलण्यातली रेघ तिच्याहून बरीच दक्षिणेला, सालोर्नोच्या आसपास. बेळगाव-निपाणीकडून आलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण २०१८ साली याच खोऱ्यातून जाताना मला यातले काहीही जाणवले नव्हते, कारण महामार्गावरच्या पाट्या मी फक्त वळण चुकू नये म्हणून वाचत होते. आता मात्र प्रत्येक स्थानकावर कोणीतरी चढत होते, कोणीतरी उतरत होते. ब्रिक्सनला चढलेल्या एका आजी सासूबाईंच्या समोरच्या रांगेत बसल्या. त्या फोनवर जर्मन बोलत होत्या आणि तिकीट तपासनिसाशी इटालियन. सासूबाईंनी त्यांना एक दशमी देऊ केली. त्यांनी ती घेतली. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता आणि पुढचा पाऊण तास दोघी बोलत होत्या.

परतीच्या प्रवासात जर्मनीच्या सीमेवर पोलीस डब्यात शिरले आणि त्यांनी पासपोर्ट मागितले. २०१५ पासून जर्मनीने ऑस्ट्रियाच्या बाजूची तपासणी पुन्हा सुरू केली आहे, त्यामुळे शेंगेनच्या आत फिरतानाही मूळ पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नये, हाताशी ठेवावा. तरुण पोलिसाने सासूबाईंचा पासपोर्ट उलटून पाहिला, व्हिसा पाहिला, हसून परत दिला. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, “आता कसं देश बदलल्यासारखं वाटलं.”

रेल्वेचे हे सारे गुणगान ऐकून कोणी तडक तिकीट काढू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगते. हमाल मिळत नाही. प्रत्येक बॅग स्वतः चढवावी आणि उतरवावी लागते, आणि काही डब्यांच्या दोन-तीन उंच पायऱ्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला हिमालयासारख्या वाटतात. जर्मन म्हणजे वक्तशीर, हा आपला समज तर रेल्वेच्या बाबतीत आता सोडून द्यावा: २०२४ साली जर्मनीच्या रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी केवळ ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि ‘वेळेवर’ या शब्दात सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर धरलेला असतो. एका संध्याकाळी, कुठल्या देशात ते सांगत नाही, आमची पुढची गाडी चुकली आणि आम्ही दोन तास थंड फलाटावर बसलो. त्या वेळी कळलेली गोष्ट मात्र उपयोगाची आहे. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढलेला असेल, तर चुकलेल्या गाडीची जबाबदारी रेल्वेवर असते. तुकड्या-तुकड्यांची स्वस्त तिकिटे स्वतंत्रपणे जोडली असतील, तर ती आपल्यावर असते. तासाभराहून अधिक उशीर झाला तर, काही अपवाद सोडता, युरोपीय संघाच्या नियमानुसार तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तास किंवा त्याहून अधिक झाला तर ५० टक्के परत मिळतात. आणि इटलीतल्या स्थानिक गाडीचे कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. रेल्वे तुम्हाला स्थानकापर्यंत नेते, आणि डोंगर स्थानकात नसतात. २०२३ साली बोल्झानोहून गाडी सुटल्यावर पूर्वेकडे डोलोमाइट्सची फिकट गुलाबी शिखरे आपल्याला दिसतील या आशेने नवरा खिडकीला नाक लावून बसला. खोऱ्याच्या तळातून जाणाऱ्या आगगाडीतून त्याला मुख्यतः सफरचंदाच्या बागा दिसल्या. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मी ओळखते. २०१८ साली शिखरे होती तर डोळे रस्त्यावर होते, आणि आता डोळे मोकळे होते तर शिखरे नव्हती.

म्हणून तिसऱ्या वेळी आम्ही बोल्झानोपर्यंत रेल्वेने गेलो, तिथे तीन दिवसांसाठी छोटी गाडी घेतली, तिथेच परत केली आणि पुढे व्हेनिसला पुन्हा रेल्वेने गेलो. २०२५ साली ब्रेनर महामार्गावरच्या लुएग पुलाचे काम काढल्यामुळे तिथे बराच काळ प्रत्येक दिशेला एकच मार्गिका खुली असे, हेही कारण होते, पण ते नसते तरी आम्ही तसेच केले असते. एकच देश, एकच नियमावली, व्हिन्येट नाही, दुसऱ्या देशात गाडी सोडण्याचा भुर्दंड नाही, आणि बोल्झानोच्या जुन्या गावात गाडी नेण्याचा प्रश्नच नाही, कारण तिथे आम्ही चालत फिरलो. सासूबाई तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या. बसने त्यांना डोलोमाइट्सच्या खिंडीपर्यंत नेणे शक्य असूनही अवघड झाले असते. गाडीमुळे त्या करेर्सेच्या हिरव्या तळ्याकाठी बसल्या आणि पोर्दोई खिंडीत, २,२३९ मीटरवर, शाल पांघरून गरम चॉकलेट प्यायल्या. नवरा तिथे वळणावळणाच्या रस्त्यावर रमतगमत गाडी चालवत होता, हवे तिथे थांबत होता, आणि थांबल्यावर बाहेर येऊन पाहतही होता. स्वातंत्र्य म्हणतात ते त्याला तिथे मिळाले. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. ब्राइएसच्या प्रसिद्ध तळ्याकडे भर उन्हाळ्यात आधी नोंदणी केल्याशिवाय गाडी नेता येत नाही, हे आम्हाला तिथे जाऊन कळले, आणि आम्ही मागे फिरलो.

बोल्झानोच्या पुरातत्त्व संग्रहालयात ओत्सीचा देह ठेवला आहे. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी हा माणूस आल्प्सच्या एका उंच खिंडीत मारला गेला आणि बर्फात जपला गेला. १९९१ साली तो सापडला, तेव्हा प्रथम ऑस्ट्रियाच्या लोकांनी त्याला इन्सब्रुकला नेले. मग सीमेची मोजणी झाली आणि तो इटलीच्या हद्दीत सुमारे ९३ मीटर आत पडला होता असे निघाले. काचेच्या छोट्या खिडकीतून त्याच्याकडे पाहताना सासूबाईंनी विचारले, “हा कुठून कुठे चालला होता?” मी फलकावरचा मजकूर वाचून सांगू लागले, तर नवरा म्हणाला, “कुठेही असो, गाडीचा दंड तरी त्याला आला नाही.”

आता कोणी विचारले की मी उलट विचारते, तुमच्यातले गाडी कोण चालवणार आणि त्या माणसाला काही पाहायचे आहे का. लहान मुले असतील, तीन-चार खेडी जोडायची असतील, किंवा जिथे रेल्वे तुटपुंजी आहे असा भाग असेल, तर सीमेपार गाडी नेण्यात काही चूक नाही. गाडी घेतली तिथेच परत करता येईल असा फेरा आखावा, म्हणजे झाले. पण एका मोठ्या शहरातून दुसऱ्या देशातल्या मोठ्या शहरात जायचे, तर मोटार नेणे म्हणजे लग्नाला जाताना स्वतःची खुर्ची सोबत नेणे आहे. असे म्हटले की काहींना राग येतो, विशेषतः ज्यांनी गाडीचे आरक्षण आधीच केलेले असते त्यांना.

त्या तिसऱ्या प्रवासातून परतताना आम्ही ब्रेनर ओलांडून इन्सब्रुककडे उतरत होतो. संध्याकाळचे ऊन दरीच्या एका बाजूलाच राहिले होते. नवरा खिडकीशी होता, जागा. इन्सब्रुक जवळ येऊ लागले तेव्हा त्याने अचानक मान वाकडी करून वर पाहिले. दरीवर, फार उंचावर, काही खांबांच्या आधाराने एक लांब सरळ रेघ आकाशाला टेकली होती, आणि त्या रेघेवरून ट्रक मुंग्यांसारखे सरकत होते.

“हा कुठला पूल?” त्याने विचारले.

“युरोपाब्रुके.”

तो पूल डोंगराआड जाईपर्यंत तो पाहत राहिला. मग म्हणाला, “यावरून आपण गेलो होतो?”

“दोनदा,” मी म्हटले. “येताना आणि जाताना. तूच चालवत होतास.”